कर्ण्याचा स्वभाव आणि आकड्यांची पेटी

गिरणीच्या दारावरील सभा ऐकत मी लहानाचा मोठा झालो. निंबाच्या झाडाला पत्र्याचे दोन कर्णे बांधलेले असत, आणि पुढारी कोणीही असो, आवाज सर्वांचा सारखाच नाकातून येई. त्याचे कारण मी पुढे पुस्तकांतून शोधले. असा कर्णा सेकंदाला सुमारे तीनशेच्या खालची कंपने फारशी बाहेर टाकीतच नाही. पुरुषी आवाजाचा भरदारपणा तेथेच असतो. तो गळतो आणि दूरवर जाणारा टोकदार भाग तेवढा उरतो. म्हणजे कर्णा आवाज नुसता मोठा करीत नाही, त्यात आपला स्वभावही मिसळतो.

विजेच्या गिटारवाल्यांचेही तसेच झाले. त्यांच्या लाकडी खोक्यातील बारा इंची कागदी स्पीकर पाच हजार कंपनांच्या वर फारसा बोलत नाही. वाल्व्हवर ताण देऊन सूर फाडला की कर्कश वरचे स्वर पुष्कळ उठतात. ते हा कागद गाळतो. तोच सूर स्पीकरवाचून थेट ध्वनिमुद्रणात घेतला तर बाटलीत कोंडलेल्या माशीसारखा लागतो. म्हणून अॅम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्यांना स्पीकरचीही नक्कल करावी लागली. टॉम शोल्झ यांच्या १९८२ च्या ‘रॉकमन’मध्ये हे काम विजेच्या साध्या गाळण्या करीत. रोलंडच्या ‘व्हीजी-८’ने १९९५ साली आणि लाइन सिक्सच्या ‘पॉड’ने १९९८ साली ते आकड्यांवर सोपविले.

आज रूढ असलेली रीत ऐकण्यासारखी आहे. रिकाम्या गोदामात एकच टाळी वाजवा. मागून जो घुमारा येतो, ती त्या गोदामाची ओळख. स्पीकरपुढे मायक्रोफोन ठेवून त्याचीही अशीच ओळख टिपतात. वीस मिलिसेकंदांच्या नोंदीत सुमारे ९६० आकडे असतात. मग गिटारच्या सुराचा प्रत्येक कण या सर्वांनी गुणायचा. सेकंदाला ४८ हजार कण धरले, तर सरळ रीतीने साडेचार कोटींवर गुणाकार झाले! आमच्या युनियनच्या हिशेबनिसाने हात जोडले असते.

तरी ही ओळख अपुरी आहे. मायक्रोफोन कागदाच्या मध्यावरून कडेला सरकवला की आवाज मंदावतो. म्हणजे नोंद एकट्या स्पीकरची नव्हेच. शिवाय जोराने वाजविताना वेटोळे तापते, कागद मुरडतो, आणि ते एका टाळीत सापडत नाही. त्यासाठी वेगळे गणित मांडावे लागते.

या पेट्यांतले नमुने मुख्यतः अमेरिकन आणि ब्रिटिश खोक्यांचे. धुळ्याकडे वरातीत बँजो वाजविणारा एक तरुण माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता. त्याच्या वाद्याचा पूर्वज ‘तैशोगोतो’. तो जपानात नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये घडविला. आपल्याकडे त्याला पिकअप लागला आणि गाडीवरच्या कर्ण्यांतून तो वाजू लागला. पोराने पेटी घेतली, वजन वाचले, पण गावकरी म्हणाले, “हा आपला बँजो नव्हे.”

मी त्याला सांगितले, रीत कुणाच्या मालकीची नाही. कर्ण्यापुढे मायक्रोफोन ठेव आणि त्याची टाळी तूच टिपून घे. त्याला पटले. कर्णा त्याच्या गोठ्यात आहे, पण आतले युनिट जळालेले. ते आधी भरून घ्यावे लागेल.