चोथ्याची कहाणी

दिवाळीच्या फराळातली साखर उसापासून होते, हे वाचकांना सांगायला नको. परंतु साखर निघून गेल्यावर मागे जे उरते, त्यालाही इतिहास आहे. आणि वरकुटे व आसपासच्या इंदापूर-बारामतीकडच्या गावांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे.

हा मुलूख मुळात अवर्षणाचा, ज्वारी-बाजरीचा. इथल्या घराला ‘टाकाऊ’ हा शब्द परवडत नसे. कणसे खुडली की कडबा बैलांपुढे जाई. त्यातलीच चार चिपाडे लांबवून मुले साल सोलीत, ती आतल्या भेंडात खोचून गाड्या करीत, चष्मे करीत. जून भोपळा वाळवून पाठीला बांधला की विहिरीत पोहणे शिकता येई. करवंटीला दांडी बसली की तिचा डाव होई.

१८८५ साली नीरा डावा कालवा आला आणि मागोमाग ऊस आला. गुऱ्हाळात चरकातून पडलेली चिपाडे उन्हात वाळत आणि काहिलीखालच्या चुलाणात जात. उसाचा रस उसाच्याच जाळावर आटे! पुढे १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यातच वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना वालचंदनगरला उभा राहिला. तेथेही रीत तीच, फक्त चुलाणाच्या जागी बॉयलर आला. टनभर उसामागे ओला चोथा निघतो सुमारे पावणेतीनशे किलो.

या चोथ्याचा कागद होतो. तमिळनाडूच्या सरकारी कारखान्यात तो १९८४ पासून होऊ लागला. लगदा तापल्या साच्यात दाबला की ताटे, वाट्या निघतात. २०१८ साली महाराष्ट्राने प्लॅस्टिक-थर्मोकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली, तेव्हा पळसाच्या पत्रावळीच्या जोडीला ही नवी पत्रावळ पंगतीत आली.

मात्र ताटलीकडे वळलेला चोथा बॉयलरला मुकतो. तो फुकटचा नव्हेच. मग त्याची किंमत कोणाची? २०१२ साली रंगराजन समितीने सांगितले, की साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. त्या उपपदार्थांत चोथाही आला. २०१३ साली महाराष्ट्राने ऊसदराचा कायदा केला. वाटा पदरात किती पडतो, यावर मात्र दर हंगामात भांडण होतेच. आणि ते व्हायलाही हवे.

आता तुळशीच्या लग्नात अंगणी ऊस उभा राहील. कांडी मुले खातील, वाढे गाईपुढे जाईल. आजी त्यातले काही वाया जाऊ देणार नाही.