न्यायसंस्थेची पुनर्घडण आणि अल्बानियाची युरोपीय वाटचाल (१९९१ ते २०२५)

प्रस्तावना

बाल्कन द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अल्बानिया हा सुमारे २८,७०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा छोटा देश. १९९१ मध्ये तेथील एकपक्षीय सत्तेचा शेवट सुरू झाला, तेव्हा पूर्व युरोपातील इतर देशांप्रमाणे त्यानेही युरोपच्या मुख्य प्रवाहात परतण्याचे ध्येय जाहीर केले. पोलंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक २००४ मध्ये, तर रुमानिया व बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघाचे सदस्य झाले. अल्बानियाशी प्रवेशाच्या वाटाघाटींची पहिली परिषद भरण्यास मात्र १९ जुलै २०२२ हा दिवस उजाडावा लागला. या विलंबाची कारणे म्हणून दारिद्र्य, संघटित गुन्हेगारी आणि दोन प्रमुख पक्षांमधील टोकाचे वैर यांचा उल्लेख नेहमी केला जातो. ती कारणे खोटी नाहीत. तथापि या तिन्हींच्या मुळाशी स्वतंत्र न्यायसंस्थेचा अभाव होता, आणि तो दूर करण्याचे काम देशांतर्गत राजकारणापेक्षा बाह्य आग्रहाने अधिक झाले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वकिलाविना राज्य

अल्बानियाने २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा येथे इस्माइल केमाली यांच्या नेतृत्वाखाली ऑटोमन साम्राज्यापासून स्वातंत्र्य घोषित केले. पुढे झोग राजाची राजवट, १९३९ मधील इटलीचे आक्रमण आणि नंतरचा जर्मन ताबा यांतून गेलेल्या या देशात नोव्हेंबर १९४४ मध्ये एन्व्हर होजा यांच्या नेतृत्वाखालील साम्यवादी सत्तेवर आले. होजा यांनी १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी, १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी आणि १९७८ मध्ये चीनशी संबंध तोडले. १९६७ मध्ये सर्व धर्मस्थळे बंद करण्यात आली. १९७६ च्या राज्यघटनेने धर्मसंस्थांबरोबरच परकीय कर्ज घेण्यावरही बंदी घातली. युरोपातील सुरक्षा व सहकार्यविषयक १९७५ च्या हेलसिंकी अंतिम मसुद्यावर अल्बानियाने स्वाक्षरी केली नाही.

या बंदिस्तपणाची झळ भारताशी नाते असलेल्या एका कुटुंबालाही बसली. कोलकात्याच्या मदर तेरेसा अल्बानियन वंशाच्या. त्यांचा जन्म १९१० मध्ये स्कोपिये येथे झाला होता. त्यांची आई व बहीण तिरानामध्ये राहत. १९७२ मध्ये आईचे आणि पुढच्या वर्षी बहिणीचे निधन झाले, परंतु त्यांच्या भेटीसाठी देशात येण्याची परवानगी मदर तेरेसांना मिळाली नाही. त्या प्रथम तेथे जाऊ शकल्या त्या १९८९ मध्ये. देशाचे प्रमुख विमानतळ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

होजाकालीन दडपशाहीच्या वर्णनात काँक्रीटचे खंदक, गुप्त पोलीस आणि नजरकैदेची गावे यांना पुष्कळ जागा मिळते. त्यामानाने न्यायव्यवस्थेच्या विध्वंसाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले आहे. १९६० च्या दशकात न्याय मंत्रालय मोडीत काढण्यात आले आणि खासगी वकिलीचा व्यवसायच रद्द झाला. आरोपीच्या बाजूने बोलणारा माणूस कायद्यानेच नाहीसा केला गेला. पोलंड वा हंगेरीत साम्यवादी काळातही वकिलांची संघटना, विधी महाविद्यालये आणि युद्धपूर्व कायद्याची आठवण टिकून होती. अल्बानियात लोकशाही आली तेव्हा तो धागा जवळपास तुटलेला होता. म्हणूनच या दोन प्रकारच्या देशांची तुलना करताना केवळ दरडोई उत्पन्नाचे आकडे पाहणे दिशाभूल करणारे ठरते.

बहुपक्षीयता आणि तिची पहिली दशा

होजा यांचे एप्रिल १९८५ मध्ये निधन झाल्यावर रामिझ आलिया यांनी सत्ता सांभाळली. जुलै १९९० मध्ये हजारो नागरिक तिरानातील परकीय वकिलातींच्या आवारांत घुसले. डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले आणि पक्षाला इतर पक्षांना मान्यता देणे भाग पडले. १२ डिसेंबर १९९० रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची स्थापना झाली; हृदयरोगतज्ज्ञ साली बेरिशा हे त्याचे लवकरच प्रमुख नेते बनले. २० फेब्रुवारी १९९१ रोजी तिरानाच्या मध्यवर्ती चौकातील होजांचा पुतळा जमावाने पाडला. असे असूनही मार्च १९९१ ची निवडणूक सत्ताधारी श्रमिक पक्षानेच, मुख्यतः ग्रामीण मतांच्या बळावर, जिंकली. त्याच ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ हे जहाज सुमारे वीस हजार माणसांना घेऊन इटलीतील बारी बंदरात पोहोचले. त्यांतील बहुतेकांना परत पाठवण्यात आले. अल्बानियन जनतेची युरोपशी गाठ प्रथम पडली ती अशी.

मार्च १९९२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षास मोठे बहुमत मिळाले व बेरिशा राष्ट्राध्यक्ष झाले. नव्या सरकारपुढे न्यायाधीशांचा प्रश्न तातडीचा होता. जुन्यांवर विश्वास नव्हता आणि नवे उपलब्ध नव्हते. यावर जो उपाय योजला गेला तो पुढील पंचवीस वर्षे देशाला भोवला. पक्षाशी जवळीक असलेल्या व्यक्तींसाठी सहा महिन्यांचा विधी अभ्यासक्रम चालवण्यात आला आणि त्यातून बाहेर पडलेले कित्येक जण न्यायाधीश व सरकारी वकील म्हणून नेमले गेले. निष्ठा ही पात्रतेच्या जागी आली.

याच सुमारास न्यायालयांवरील भार अतोनात वाढत होता. जुलै १९९१ च्या भूमी कायद्याने सामुदायिक शेतीची जमीन ती कसणाऱ्या कुटुंबांत वाटली गेली, परंतु युद्धपूर्व मालकांचे दावे अनिर्णित राहिले. एकाच जमिनीचे दोन धनी निर्माण झाले. या दाव्यांत न्यायालयांचे निकाल लागत, पण त्यांची अंमलबजावणी होत नसे. अखेर २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा दोष व्यवस्थेतच असल्याचे सांगून अल्बानियास भरपाईची परिणामकारक यंत्रणा उभारण्याचा आदेश दिला.

कार्यकारी सत्तेचा न्यायालयांकडे पाहण्याचा दृष्टिकोन १९९५ च्या एका घटनेतून स्पष्ट होतो. समाजवादी नेते फातोस नानो हे इटलीच्या मदतनिधीच्या अपहारप्रकरणी तुरुंगात होते. त्यांच्या शिक्षेच्या फेरविचाराची तयारी सर्वोच्च अपील न्यायालयाचे प्रमुख झेफ ब्रोझी यांनी दाखवताच, संसदेने सप्टेंबर १९९५ मध्ये ब्रोझी यांना पदावरून दूर केले. याच वर्षाच्या जुलैमध्ये अल्बानियास कौन्सिल ऑफ युरोपचे सदस्यत्व मिळाले होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

१९९७ चा कोसळ

१९९६-९७ मधील आर्थिक अरिष्ट सर्वश्रुत आहे. आपल्याकडे ज्यांना दामदुप्पट योजना म्हटले जाते, तशा योजनांत देशातील सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी पैसे गुंतवले होते. घरे व गुरे विकून आलेली रक्कमही त्यांत गेली. या योजनांची एकूण देणी सुमारे १२० कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास निम्म्यापर्यंत पोहोचली. जानेवारी १९९७ पासून त्या एकामागून एक बुडाल्या. दक्षिणेत उठाव झाला, शस्त्रागारे लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ मार्च १९९७ रोजी संमत केलेल्या १,१०१ क्रमांकाच्या ठरावान्वये इटलीच्या नेतृत्वाखालील बहुराष्ट्रीय फौज पाठवावी लागली.

या अरिष्टाची मीमांसा बहुधा अर्थशास्त्राच्या अंगाने होते. परंतु अशा योजना रोखण्याचे काम ज्यांनी करायचे ते सरकारी वकील आणि ज्यांच्याकडे दाद मागायची ती न्यायालये अस्तित्वात असूनही निष्प्रभ होती, हा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. जून १९९७ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष सत्तेवर आला, आणि ज्यांच्या खटल्यापायी ब्रोझी यांचे पद गेले तेच नानो पंतप्रधान झाले. १९९४ मध्ये सार्वमताने राज्यघटनेचा एक मसुदा फेटाळला होता. २२ नोव्हेंबर १९९८ च्या सार्वमताने नवी राज्यघटना स्वीकारली गेली. ती कागदावर निर्दोष म्हणावी अशी होती. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याची हमी तीत होती. पण ही हमी ज्यांना मिळाली त्यांची निवड आधीच होऊन गेली होती. अपात्र वा भ्रष्ट न्यायाधीशास त्याच हमीचे कवच लाभले. स्वतंत्र न्यायसंस्थेची तरतूद न्यायसंस्था घडण्यापूर्वी केल्यास काय होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

पुढील दशकात बाह्य प्रगती दिसत राहिली. जून २००६ मध्ये युरोपीय संघाबरोबर स्थिरीकरण व सहयोग करार झाला आणि तो १ एप्रिल २००९ रोजी अमलात आला. त्याच दिवशी देश नाटोचा सदस्य झाला व त्याच महिन्याच्या अखेरीस सदस्यत्वाचा अर्ज सादर झाला. डिसेंबर २०१० पासून शेंगेन देशांत व्हिसाविना प्रवासाची सोय झाली. देशात मात्र जानेवारी २०११ मध्ये सरकारविरोधी निदर्शनांवर झालेल्या गोळीबारात चार जण ठार झाले. २०१३ ची निवडणूक जिंकून तिरानाचे माजी महापौर, चित्रकार एदी रामा पंतप्रधान झाले. सत्तांतर शांततेत पार पडले आणि जून २०१४ मध्ये अल्बानियास उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. वाटाघाटी सुरू करण्यासाठी संघाने घातलेल्या पाच प्राधान्यक्रमांत न्यायसंस्थेची सुधारणा निर्णायक ठरली.

न्यायाधीशांचीच चौकशी

२१ व २२ जुलै २०१६ च्या मध्यरात्री अल्बानियाच्या संसदेने राज्यघटनेत व्यापक दुरुस्ती केली. बाजूने पडलेली मते होती १४० पैकी १४०. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकत्र आले, ते युरोपीय संघ व अमेरिका यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या दडपणामुळे. एकही विरोधी मत नसलेले मतदान या देशाला नवे नव्हते. या वेळी त्याचे कारण निराळे होते.

या दुरुस्तीनुसार सेवेतील सुमारे ८०० न्यायाधीश व सरकारी वकिलांची पुनर्पडताळणी आरंभण्यात आली. तिचे निकष तीन होते: मालमत्तेचा वैध स्रोत, गुन्हेगारी जगताशी संबंध नसणे आणि व्यावसायिक पात्रता. मालमत्तेच्या बाबतीत सिद्धतेचा भार उलटवण्यात आला, म्हणजे घर वा ठेव वैध उत्पन्नातून आली हे न्यायाधीशानेच दाखवायचे होते. पडताळणीसाठी स्वतंत्र आयोग, त्यावर विशेष अपील मंडळ आणि या सर्वांवर नजर ठेवणारे आंतरराष्ट्रीय निरीक्षकांचे पथक, अशी रचना होती. सार्वभौम देशाच्या राज्यघटनेत परकीय निरीक्षकांना स्थान मिळणे ही असामान्य गोष्ट आहे. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याबाबत एरवी अत्यंत दक्ष असणाऱ्या व्हेनिस आयोगानेही असा असाधारण उपाय अल्बानियाच्या परिस्थितीत समर्थनीय व आवश्यक असल्याचे मत दिले. पडताळणीत पद गमावलेल्या घटना न्यायालयाच्या एका न्यायाधीशाची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली.

परिणाम अपेक्षेपेक्षा तीव्र झाला. ज्यांची पडताळणी झाली त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण बडतर्फ झाले किंवा त्यांनी आधीच राजीनामा दिला. घटना न्यायालय २०१८ पासून २०२० च्या अखेरपर्यंत गणसंख्येअभावी ठप्प राहिले. सर्वोच्च न्यायालयातील प्रलंबित प्रकरणे तीस हजारांच्या वर गेली. २०२३ पासून सर्वसाधारण प्रकरणांसाठी देशभर मिळून तिराना येथे एकच अपील न्यायालय उरले. दूरच्या डोंगराळ गावातील पक्षकाराला न्यायाधीश प्रामाणिक मिळण्याची शक्यता वाढली, पण न्यायाधीश मिळण्यासच वर्षे लागू लागली. सुधारणेचे गुणगान करणाऱ्या अहवालांत ही किंमत सहसा एका वाक्यात उरकली जाते. ते योग्य नव्हे.

दुसरीकडे, २०१९ च्या अखेरीस कार्यान्वित झालेल्या भ्रष्टाचार व संघटित गुन्हेगारीविरोधी विशेष अभियोग यंत्रणेने पूर्वी अशक्य वाटणारी पावले उचलली. माजी पंतप्रधान बेरिशा यांना डिसेंबर २०२३ मध्ये नजरकैदेत ठेवण्याचा आदेश झाला. माजी राष्ट्राध्यक्ष इलिर मेता यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये, तर सत्ताधारी पक्षाचे तिरानाचे महापौर एरियन वेलियाय यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये अटक झाली. तिघांनीही आरोप नाकारले. या कारवायांचे महत्त्व आरोप सिद्ध होण्या-न होण्यावर अवलंबून नाही. कारवाई विरोधकांबरोबर सत्ताधाऱ्यांवरही झाली, हे १९९५ च्या तुलनेत मोठे अंतर आहे.

ब्रुसेल्सची दिरंगाई

अल्बानियाने आपल्या बाजूची अट पुरी करण्यास आरंभ केला तेव्हा युरोपीय संघाने मात्र हात आखडता घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्स, डेन्मार्क व नेदरलँड्स यांच्या विरोधामुळे वाटाघाटींना हिरवा कंदील मिळाला नाही. मार्च २०२० मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली, परंतु अल्बानियाची फाइल उत्तर मॅसिडोनियाशी जोडलेली असल्याने बल्गेरियाने त्या देशाविरुद्ध वापरलेल्या नकाराधिकाराचा फटका तिरानालाही बसला. पुढे २०२४ मध्ये या दोन फायली वेगळ्या करण्यात आल्या. ऑक्टोबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या अवघ्या तेरा महिन्यांत ३३ प्रकरणांचे सर्व सहा समूह वाटाघाटींसाठी खुले झाले. मे २०२५ च्या निवडणुकीत २०३० पर्यंत सदस्यत्व हेच प्रचाराचे मुख्य सूत्र करून रामा यांनी सलग चौथा विजय मिळवला. परदेशस्थ नागरिकांनी या निवडणुकीत प्रथमच टपालाने मतदान केले.

परदेशस्थांचा हा उल्लेख वाटतो तितका आनुषंगिक नाही. २०११ मध्ये सुमारे २८ लाख असलेली लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख भरली. देशाच्या प्रवेशाची वाट न पाहता तरुण डॉक्टर, परिचारिका व अभियंते जर्मनी-इटलीत स्थायिक होत आहेत. विधी पदवीधरांतूनच नव्या न्यायाधीशांची भरती करायची असल्याने या गळतीचा न्यायसंस्थेशी थेट संबंध येतो. रिक्त जागा भरण्याचा वेग त्यामुळे मर्यादित राहिला.

संघाच्या २०२० मधील नव्या कार्यपद्धतीनुसार न्यायसंस्था व मूलभूत हक्क यांचा समावेश असलेला समूह सर्वप्रथम उघडतो आणि सर्वांत शेवटी मिटतो. पडताळणी आयोगाची मुदत मात्र डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संपली. विशेष अपील मंडळापुढील उरलेली प्रकरणे वगळता, न्यायाधीशांवर देखरेख ठेवण्याचे काम आता परकीय निरीक्षकांविना, देशाच्या उच्च न्यायिक परिषदेकडे आणि सरकारी वकिलांसाठीच्या उच्च परिषदेकडे आले आहे. या परिषदांवरील निम्म्याहून अधिक सदस्य न्यायाधीश व सरकारी वकील यांनीच आपल्यातून निवडून दिलेले असतात. उर्वरित सदस्यांची निवड संसद करते.