इस्ट्रोजेनसदृश रसायने

शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करणारी बाह्य रसायने. पेशींमधील इस्ट्रोजेन-ग्राहींना ती चिकटतात आणि खोटे संदेश देतात.

पुण्यातील कर्वेनगरसारख्या, मेस आणि पार्सलवर चालणाऱ्या विद्यार्थी-वस्तीत ती शोधायला लांब जावे लागत नाही. पॉलिकार्बोनेटचे डबे, काही डबाबंद पदार्थांच्या डब्यांचे आतील अस्तर आणि दुकानातली गुळगुळीत थर्मल पावती यांत बिस्फेनॉल-ए असू शकते. उष्णतेने ते प्लॅस्टिकमधून अधिक झिरपते. गरम आमटीसाठी स्टीलचा डबा बरा, तो यामुळेच. बिस्फेनॉल-एचा इस्ट्रोजेनी गुण चार्ल्स डॉड्स यांनी 1936 मध्येच दाखवला होता, तरीही पुढे त्याचे प्लॅस्टिक घरोघर पोहोचले! रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे पूर्वी बनवल्या गेलेल्या डीडीटी या कीटकनाशकातही असा एक घटक असतो.

वजनाशी संबंध मात्र गुंतागुंतीचा आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन जन्मानंतर लगेच अल्प मात्रेत दिलेल्या उंदरांच्या माद्या मोठेपणी लठ्ठ झाल्या. माणसांत बिस्फेनॉल-ए आणि लठ्ठपणा यांचा सहसंबंध अनेक पाहण्यांत आढळतो. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात इथली नवजात बाळे वजनाने कमी, पण तुलनेने अधिक चरबीची दिसली. तो अभ्यास मातेच्या पोषणाचा होता, रसायनांचा नव्हे. पण चयापचयाची घडण गर्भातच सुरू होते, हे त्यातून दिसते.

भारतीय मानक ब्युरोने 2015 मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी बिस्फेनॉल-ए असणारे पॉलिकार्बोनेट वर्ज्य ठरवले.