आतला माणूस

कचेरीत वरची जागा रिकामी झाली, की चर्चा सुरू होते: बाहेरचा माणूस आणायचा, की आतल्याला बढती द्यायची? मी नोकरी केलेला माणूस, त्यामुळे या चर्चा पुष्कळ ऐकल्या. अशा वेळी मला मलिक अंबर आठवतो.

अंबर १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मला आणि लहान वयातच विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनला आला. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं. हा चंगीझखानही एकेकाळचा हबशी गुलामच! गुलामीचं कौतुक मी करणार नाही. माणूस विकणं ते विकणंच. पण त्या दरबारात गुलामाला शस्त्र आणि कारभार शिकवत, आणि मोकळा झालेला गुलाम कर्तबगारीवर वर चढू शके.

धनी वारल्यावर अंबरनं जवळपास वीस वर्षं दख्खनी दरबारांत शिपाईगिरी केली. १५९५ च्या सुमारास तो अहमदनगरला परतला, तो अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली, दीडशेएक स्वार घेऊन. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य संपल्यातच जमा होतं. अंबरनं दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि स्वतः पेशवाई सांभाळली. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तिला नहरीचं पाणी दिलं, शेतसाऱ्याची घडी बसवली. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा हरवल्या. मला वाटतं, स्वाराची भाकरी आणि सरदाराची चिंता दोन्ही अनुभवली होती, म्हणूनच हे त्याला साधलं.

१६२६ मध्ये अंबर वारला आणि त्याची जागा मिळाली त्याच्या मुलाला, फत्तेखानाला. सात वर्षांनी, १६३३ मध्ये, त्याच फत्तेखानानं दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही. मोगलांचा रेटा मोठा होता, दरबारही दुभंगला होता. पण ज्या वाटेनं बाप वर आला, त्या वाटेनं मुलगा आला नव्हता.

चंगीझखानाच्या पदरचा एक गुलाम पुढं त्याच्याच पदावर पोचला. अंबरच्या पदरी तसा कोणी नसेल का? आतला माणूस आणि घरातला माणूस यांत फरक असतो. बढतीच्या कागदावर सही करताना तेवढा ध्यानात ठेवावा.