खाचेतील सळई : तुळयांच्या सबलीकरणाचा इतिहास

साधन आणि त्यामागील कल्पना यांचा जन्म एकाच वेळी झाला, असे मानण्याकडे तंत्रेतिहासाचा कल असतो. सलोह काँक्रीटच्या तुळया तंतुप्रबलित बहुवारिकाच्या सळयांनी सबळ करण्याची पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मात्र अर्धशतकाने जुनी आहे.

स्वीडनमध्ये १९४८ साली एका पुलाच्या बांधकामात सळयांचा सांगाडा योजलेल्या पातळीखाली खचला. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो सळईने सोसायचा. आधारावर ताण वरच्या अंगास पडतो, आणि नेमकी तेथील सळई खोल गेली होती. पूल न पाडता पृष्ठभागात खाचा पाडून त्यांत पोलादी सळया बसविल्या व खाचा सिमेंटने भरल्या. आस्प्लुंड यांनी हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

पृष्ठभागालगतचे पोलाद गंजते, हा या उपायातील दोष होता. पुढे १९६० नंतरच्या दशकात फ्रान्स व दक्षिण आफ्रिका येथे इपॉक्सी राळेने पोलादी पट्ट्या तुळईस चिकटविण्यात आल्या. त्यांनाही गंज टळला नाही, शिवाय त्यांचे वजन पेलणे अवघड होते. स्वित्झर्लंडमध्ये १९९१ साली लुत्सर्नजवळील इबाख पुलाची पूर्वताणित तार वाहतूकदिवे बसविताना छेदली गेली. तेथे १७५ किलो पोलादाचे काम कार्बनतंतूंच्या ६.२ किलो पट्ट्यांनी भागले. परंतु बाहेरून चिकटविलेली पट्टी पूर्ण बळ वापरण्यापूर्वीच सुटून येऊ शकते. खाचेतील सळईस काँक्रीट तिन्ही बाजूंनी धरते व आघातापासून जपते. म्हणूनच जुनी खाच आणि नवे द्रव्य यांचा संयोग झाला. अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत या पद्धतीस स्थान मिळाले.

तथापि हा इतिहास केवळ प्रगतीचा नव्हे. पोलाद तुटण्यापूर्वी बरेच ताणले जाते. तुळई वाकते, भेगा रुंदावतात, माणसांस सूचना मिळते. बहुवारिकाची सळई अशी नमत नाही; मर्यादा गाठताच ती एकाएकी तुटते. आगीत राळही मऊ पडते. यास्तव, जोडलेले द्रव्य निकामी झाले तरी मूळ तुळईने ठरावीक भार पेललाच पाहिजे, असा दंडक घालावा लागला. नव्या द्रव्याने गंजाचे भय घालविले, पण पोलाद देत असलेली पूर्वसूचना हिरावून घेतली. जी तुळई स्वबळावर मुळीच उभी राहू शकत नाही, तिला खाचेतील सळई तारू शकत नाही.