बालाघाटहून मंडी हाउसला

हनुमान चौकातली दुकानं मिटत आलीत. चहाच्या शेवटच्या गाड्याशी तुम्ही उभे आहात, हातात मोबाइल, कानात इअरफोन. इंडियन ओशन या बँडचे सगळे अल्बम पडद्यावर एकाखाली एक लागलेत. तुमचं बोट ‘कंदिसा’कडे चाललंय, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. थांबा. आज तिथून नको. आज एक अल्बम मागे चला, आणि तो जिथे वाजला तिथे जाऊन ऐका.

गारठा लागला ना? लागणारच. ही दिल्ली आहे, मंडी हाउस, १ जानेवारी १९९७. बालाघाटच्या थंडीला पुरणारा तुमचा स्वेटर इथे पुरत नाही. आजूबाजूला शाली, मफलर, तोंडातून निघणारी वाफ. नाटकवाले आहेत, विद्यार्थी आहेत, खांद्यावर लेकरू घेतलेले बाप आहेत. आठ वर्षांपूर्वी याच तारखेला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये सफदर हाश्मी ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य करत होता. तिथे त्याच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या सोबत्यांनी उभी केलेली ‘सहमत’ ही संस्था तेव्हापासून दर १ जानेवारीला कलावंतांना बोलावते. तुमच्या शेजारचा माणूस नव्या वर्षाच्या आनंदात आलेला नाही, एका मित्राची आठवण काढायला आलाय. ही गोष्ट मनात ठेवून कान उघडा, कारण त्या अल्बममध्ये गर्दीचा जो आवाज आहे तो या माणसांचा आहे.

मंचाकडे बघा. डावं-उजवं मला विचारू नका, मी डोळे मिटून ऐकणारा माणूस. गिटार घेतलेला सुश्मित सेन. तो गिटार असा छेडतो की मध्येच सरोदीचा भास होतो. एक तार सतत घुमत राहते आणि दुसरी तिच्याभोवती फिरते. बेस राहुल रामकडे. हा अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषांवर पीएचडी करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला. ड्रमवर अमित किलम, वयाने सगळ्यांत लहान, १९९४ मध्ये येऊन मिळालेला. आणि मांडी घालून बसलेला तो असीम चक्रवर्ती. समोर तबला, तोंडाशी माइक. तो वाजवतो आणि गातो, दोन्ही एकदम. तबलजीला गाताना तुम्ही क्वचितच पाहिलं असेल. बोटं एका लयीत चालली असताना गळ्यातून दुसरीच ओळ लांबवायची म्हणजे एका हाताने दळण आणि दुसऱ्या हाताने विणकाम. असीमचा श्वास तबल्याच्या थापेशी बांधलेला आहे, म्हणून त्याचं गाणं तालावर चालत नाही, तालातूनच उगवतं. हे एकदा कानाला कळलं की या बँडचं अर्धं कोडं सुटलं.

याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पुढे ‘डेझर्ट रेन’ या नावाने अल्बम म्हणून आलं. माझं मत मी इथेच, या गर्दीत, तुमच्या कानाशी सांगतो: इंडियन ओशनने पुढे कितीही चांगलं काम केलं तरी याच्यावर काही नाही.

कारण विचाराल. रॉकचे चाहते स्टुडिओतल्या अल्बमला मूळ मानतात आणि मंचावरच्या वाजवण्याला त्याची नक्कल. डीप पर्पलचं ‘मेड इन जपान’ १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालं, ‘द हू’चं ‘लाइव्ह अॅट लीड्स’ १९७० चं. ही दोन्ही थोर रेकॉर्डिंग्ज मी प्राणापलीकडे जपलीत, पण तीसुद्धा आधी ऐकलेल्या गाण्यांना मंचावर किती ताणलं हे बघायला लोक ऐकतात. आपल्या कानांची घडण वेगळी आहे. भीमसेनांची सवाईतली पहाट आणि रेकॉर्ड कंपनीच्या खोलीत गायलेला तोच राग, यातला मूळ कोणता असा प्रश्न आपल्या घरात कुणाला पडत नाही. मैफल हेच मूळ. इंडियन ओशनला याच कानांनी ऐकायला हवं. त्यांची गाणी वर्षानुवर्षं सरावात आणि लोकांपुढे शिजतात, आणि स्टुडिओत जातात तेव्हा पिकून जातात. १९९३ चा पहिला अल्बम एचएमव्हीने काढला होता. त्यातल्या चाली सुंदर आहेत, तरी आवाज मला कोंडल्यासारखा वाटतो. खिडकी न उघडलेल्या खोलीत चार चांगली माणसं बोलत बसलीत, तसा. इथे, मंडी हाउसला, ती खिडकी उघडली आहे.

‘बोल विव्हिल’ सुरू झालं की नावाकडेही लक्ष द्या. बोल विव्हिल म्हणजे कपाशीचं बोंड पोखरणारा सोंड्या. तो मेक्सिकोतून अमेरिकेत शिरला, दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांची धूळधाण झाली आणि तिथल्या काळ्या शेतकऱ्यांनी त्या किड्यावर गाणी रचली. गोंदिया ओलांडून वऱ्हाडाकडे गेलात तर बोंडात शिरलेली अळी बघून सुन्न बसलेला माणूस तुम्हाला कुठल्याही गावात भेटेल. दिल्लीच्या मंचावर वाजणाऱ्या त्या धुनेला आपल्या शेताचा वास येतो तो असा.

आता डोळे मिटा. पायाखाली काहीतरी हलायला लागलंय.

ही नॅरोगेज आहे. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, डबा एवढा अरुंद की समोरच्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांना लागतात. साल २०००. तुम्ही नागपूरला सीताबर्डीवरून कॅसेट घेऊन गोंदियाला आलात, आणि आता ही लहान गाडी धानाच्या बांधांमधून तुम्हाला बालाघाटला नेते आहे. बिरसोला गेलं, हट्टा रोड यायचंय. शेजारची बाई चिन्नोर तांदळाचं गठुडं पायाशी घट्ट धरून बसलीय आणि त्या तांदळाचा दरवळ डब्यात भरून राहिलाय. तुम्ही वॉकमनमध्ये ‘कंदिसा’ सरकवता. टाइम्स म्युझिकने काढलेली, सात गाण्यांची. सेल अर्धे उतरलेत, म्हणून उलट फिरवायचं काम बटणाने करायचं नाही, कॅसेट काढून पेन्सिलीने फिरवायची.

‘हिल्ले ले’ लागतं. गोरख पांडेंची भोजपुरी रचना, बिहारच्या शेतमजुरांच्या चळवळीत गायली गेलेली. बाहेर तुमच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या बांधात वाकलेल्या बायकांची रांग जातेय. मी तुम्हाला काही समजावत नाही. फक्त आवाज थोडा वाढवा.

आणि मग ‘मा रेवा’. हे नर्मदेकाठचं गाणं. राहुल रामने ते खोऱ्यात ऐकलं, आंदोलनाच्या काळात. त्याच काळात महाराष्ट्राच्या टोकाला मणिबेलीत लोक घर सोडायला नकार देऊन पाण्यात उभे होते. पुण्या-मुंबईचे श्रोते या गाण्यावर नाचतात, नाचू देत, त्याची लय आहेच तशी. बालाघाटच्या माणसाला मात्र ते वेगळ्या ठिकाणी लागतं. आपल्या उत्तरेला मंडल्यात नर्मदा आहे. आपल्या दारातून वैनगंगा जाते, ती शिवनीकडून येते आणि खाली विदर्भात उतरते. सातपुड्याच्या एकाच धारेवर पडलेला पाऊस दुभंगतो. या उताराचं पाणी नर्मदेला मिळून मावळतीच्या समुद्राला जातं, त्या उताराचं वैनगंगेतून प्राणहिता, प्राणहितेतून गोदावरी करत उगवतीच्या. मोठ्या नकाशावर दोन्ही समुद्र एकाच महासागराचे हात, आणि कॅसेटच्या वेष्टनावर त्याच महासागराचं नाव छापलंय. गाडीच्या खिडकीत बसून हे सुचतं तेव्हा अंगावर काटा येतो.

अल्बममधलं ‘मा रेवा’ मला आवडतं. मंचावरचं मी जास्त मानतो, कारण तिथे नदीला पूर येतो; मधल्या भागात ते किती वळणं घेतील हे त्यांनाही आधी माहीत नसतं. पण ‘कंदिसा’ या शेवटच्या गाण्यापुढे माझा सगळा सिद्धांत हात टेकतो. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांची ती प्रार्थना, भाषा येशूच्या बोलीच्या कुळातली. ती सावकाश सुरू होते, एकेक आवाज येऊन मिळतो आणि शेवटी भिंती उरत नाहीत. इथे स्टुडिओची शांतता लागतच होती. गर्दीची एक शिट्टी आली असती तरी तिला ओरखडा पडला असता. गाडी बालाघाट स्टेशनात शिरते, लोक उतरतात, आणि तुम्ही गाणं संपेपर्यंत बाकावर बसून राहता.

पुढची वर्षं मी भराभर ओलांडतो. २००३ ची ‘झीनी’, कबीराची चादर; देवासला कुमार गंधर्वांनी निर्गुणी भजनं गाऊन आपल्या कानात कबीर पेरून ठेवला होता, म्हणून हा अल्बम आपल्याकडे परका वाटला नाही. मग ‘ब्लॅक फ्रायडे’. चित्रपट न्यायालयात अडकून २००७ च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला, त्याच्या कितीतरी आधी ‘बंदे’ घराघरांत पोचलं होतं. पीयूष मिश्रांच्या शब्दांचा तो टाहो अजूनही मी सलग दोनदा ऐकू शकत नाही.

आता सावकाश. २५ डिसेंबर २००९. असीम गेला. हृदयविकाराचा झटका आधी येऊन गेला होता, माणूस सावरेल असं वाटत होतं. बालाघाटमध्ये तुम्हाला ही बातमी कुणी सांगत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती सापडते. काली पुतली चौकातून तुम्ही पेपर घडी करून हातात धरून चालत निघता. ज्याच्याशी बोलावं असा एकही माणूस गावात नाही.

सहा महिने जातात. जुलै २०१० मध्ये कळतं की नवा अल्बम येतोय, ‘१६/३३० खजूर रोड’. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करायचे त्याचा हा पत्ता. गाण्यांत असीमचा आवाज आहे, तो जाण्याआधी रेकॉर्ड केलेला. आणि कंपनी नाही, दुकान नाही: दर महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, फुकट. एकूण सात.

तुम्ही सायबर कॅफेत जाता, खिशात पेन ड्राइव्ह. पहिलं गाणं ‘चाँद’. पट्टी सरकत सरकत ऐंशी टक्क्यांवर येते आणि वीज जाते. इन्व्हर्टर नाही. तुम्ही बाहेर पायरीवर बसता, पावसाळी हवेत, पाऊण तासाने वीज येते, पट्टी पुन्हा शून्यावरून. घरी जाऊन ऐकता तेव्हा असीमचा गळा तसाच, धीमा, भरलेला. गेलेल्या माणसाचं पत्र पोस्टात अडकलं होतं आणि आता पोचलं, असं वाटतं. पुढच्या महिन्यात दुसरं पत्र.

या अल्बमविषयी मतं द्यायला मला जड जातं, तरी देतो. हा त्यांचा सर्वांत नितळ स्टुडिओ अल्बम आहे. त्याला घराचा पत्ता नाव म्हणून दिला हे योग्यच झालं, कारण यात ते आपापसांत वाजवताना ऐकू येतात, आणि तुम्ही दाराशी उभं राहून ते ऐकता. पुढे २०१३ मध्ये सुश्मितनेही बँड सोडला. २०१४ च्या ‘तांडानू’त शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट असे मोठमोठे पाहुणे आले. प्रत्येक पाहुणा उत्तम, घर मात्र मला पाहुण्यांनी भरलेलं वाटलं. नव्या मंडळींना, तुहीन, निखिल आणि हिमांशूला, मंचावर ऐकाल तर मात्र जीव लावाल; तो ओलावा तिथे अजून आहे.

पण आपण अजून कॅफेतच आहोत. सात महिने झालेत, सात गाणी घेऊन झालीत. आठव्या महिन्यातही तुमचे पाय सवयीने तिकडे वळतात. मालक मान वर न करता विचारतो, “भाऊ, आज कोनतं?”

“आज नाही. सातच होती.”

तो मान वर करतो. “दर महिन्याले येता, गानं घेऊन जाता. आमाले काई कधी आयकवलं नाई.”

पेन ड्राइव्ह खिशात असतो. तुम्ही तो त्याच्या मशीनला लावता आणि सातांपैकी एकही न निवडता ‘डेझर्ट रेन’ उघडता. दोन छोटे स्पीकर, एक जरा खरखरणारा. मंडी हाउसची गर्दी आधी ऐकू येते, मग गिटारची घुमणारी तार, मग असीमची थाप. भरवेलीच्या खाणीतून पाळी संपवून आलेला एक जण पंख्याखाली उभा असतो, तो टोपी काढून मांडीवर ठेवत स्टुलावर बसतो. परीक्षेचा फॉर्म भरायला आलेल्या मुलीची पावती प्रिंटरमधून बाहेर येऊन पडलेली असते. ती उचलायची तिला आठवत नाही. मालक हात लांब करून आवाज आणखी थोडा वाढवतो.