मार्जारकथेतील प्रथमपुरुष

बोलणारा प्राणी कथावाङ्मयास नवा नाही. तथापि बोलणे आणि कथेचा नायक होणे या दोन भिन्न गोष्टी होत. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात कपिंजल पक्षी व ससा आपला तंटा घेऊन एका तपस्वी मांजराकडे जातात. ते धर्मवचने उच्चारून दोघांनाही जवळ बोलावते आणि भक्ष्य करते. हे मांजर अस्खलित बोलते. परंतु त्याच्या मुखातील भाषा मनुष्याची, आणि त्याच्या दांभिकतेचा निवाडा करणाराही मनुष्यच. मार्जाराला नायकपद केव्हा प्राप्त झाले, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या अंगच्या अद्भुत सामर्थ्यात शोधण्यापेक्षा त्याच्या वाट्यास कोणता व्याकरणिक पुरुष आला, यात शोधणे अधिक फलदायी ठरते.

युरोपातील लिखित कथांतही आरंभीची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. दरिद्री धन्याचे भाग्य उजळविणाऱ्या चतुर मांजराची कथा इटलीत स्त्रापारोला याने सोळाव्या शतकाच्या मध्यास व बासिले याने सतराव्या शतकात सांगितली. दोघांच्याही कथेत ती मांजरी आहे. १६९७ साली फ्रान्समध्ये पेरोने तिला बूट घालणाऱ्या बोक्याचे रूप दिले. राजास फसविणे, राक्षसास उंदीर व्हावयास लावून गिळणे, ही सारी कर्तबगारी बोक्याची. परंतु तिचे फळ, म्हणजे वाडा व राजकन्या, धन्याच्या पदरात पडते. संवादापुरता 'मी' त्याला मिळाला होता. निवेदनाचा 'मी' मात्र अद्याप मिळावयाचा होता.

तो बर्लिन येथील न्यायाधीश व लेखक हॉफमन याने दिला. १८१९ ते १८२१ या काळात दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कादंबरीत मुर नावाचा बोका स्वतः लिहा-वाचावयास शिकून आत्मचरित्र लिहितो. लिहिताना टीपकागद म्हणून तो क्राइस्लर या संगीतकाराच्या छापील चरित्राची पाने फाडून वापरतो, आणि मुद्रक दोन्ही मजकूर एकत्र छापतो, अशी कल्पना आहे. या रचनेतील पुरुषांची वाटणी विचारात घेण्याजोगी आहे. बोका प्रथमपुरुषात बोलतो व त्याचे निवेदन सलग चालते. मनुष्याचे चरित्र तृतीयपुरुषात असून मध्येच तुटते, आणि त्याच्या पानांवर 'रद्दी' अशी खूण पडते. मुरची विद्वत्ता उसनी आहे, याचा उपहास लेखकाने केला आहेच; परंतु 'मी' म्हणण्याचा अधिकार एकदा दिल्यावर तो परत घेता आला नाही.

या परंपरेचा पुढील महत्त्वाचा टप्पा जपानमध्ये आढळतो. लंडनहून परतलेला इंग्रजीचा अध्यापक नात्सुमे सोसेकी याची 'वागाहाइ वा नेको दे आरु' ही कादंबरी 'होतोतोगिसु' या मासिकातून १९०५ व १९०६ या वर्षी क्रमशः प्रसिद्ध झाली. कुशामी नावाच्या शिक्षकाच्या घरी वाढलेल्या मांजराने मनुष्यांचे केलेले हे निरीक्षण होय. शेवटच्या प्रकरणात ते मुर या पूर्वसूरीचा उल्लेखही करते. पण कादंबरीचे सारे मर्म पहिल्या शब्दात साठविलेले आहे. जपानीत प्रथमपुरुषाची अनेक रूपे आहेत. त्यांतून 'वागाहाइ' हे वक्त्यांना व अधिकाऱ्यांना शोभणारे भारदस्त रूप एका बेवारशी मांजराने निवडावे, यातच विनोद आहे. ज्याला शेवटपर्यंत नाव मिळत नाही, त्याच्याजवळ सर्वांत प्रौढ सर्वनाम आहे.

'आय ॲम अ कॅट' या इंग्रजी शीर्षकात ही छटा पूर्णपणे लोपते, कारण इंग्रजीस 'आय'खेरीज दुसरा पर्याय नाही. मराठीची स्थिती अधिक अनुकूल आहे. 'वागाहाइ' हेही मुळात अनेकवचनी रूप असून पुढे ते एकट्या व्यक्तीच्या आत्मगौरवासाठी वापरले गेले. राजाच्या आज्ञेत वा संपादकाच्या अग्रलेखात येणारे मराठीतील 'आम्ही' त्याच्या अगदी निकटचे होय. 'मी मांजर आहे' हे केवळ विधान झाले. 'आम्ही मांजर आहोत' यात मूळचा तोरा उतरतो. शिवाय ज्या भाषेने 'मांजर' हा शब्द नपुंसकलिंगात ठेवला, तिच्यात त्याने स्वतःस 'आम्ही' म्हणवून घ्यावे, ही विसंगती विनोदास पोषकच आहे.

एमिल बाँव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, 'मी' व 'तू' हे परस्परावलंबी होत. 'मी' म्हणताच समोर कोणी 'तू' गृहीत धरला जातो. या दृष्टीने पाहता मुर व सोसेकीचे मांजर यांची मर्यादा स्पष्ट होते. त्यांचा 'तू' म्हणजे मानवी वाचकच होय. मनुष्याला उद्देशून बोलावयाचे, म्हणून मनुष्याचीच भाषा त्यांना स्वीकारावी लागते.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'टेलचेसर्स साँग' या टॅड विल्यम्सच्या कादंबरीत ही मर्यादा ओलांडलेली दिसते. फ्रिटी टेलचेसर हा तिचा नायक तृतीयपुरुषात वर्णिलेला आहे. वरवर पाहता ही पीछेहाट वाटेल; परंतु येथे भाषेची मालकीच बदलली आहे. मांजरांना स्वतःची सृष्टिकथा आहे. प्रत्येकाला तीन नावे आहेत. त्यांची स्वतःची बोली निराळी, आणि इतर प्राण्यांशी बोलावयाची सामान्य बोली निराळी. शापाने शेपूट गमावून दोन पायांवर चालू लागलेल्या एका मांजराचा वंशज, अशी मनुष्याची व्युत्पत्ती या पुराणात सांगितली आहे. मनुष्य हा येथे श्रोता राहिलेला नसून केवळ शब्दकोशातील एक नोंद झाला आहे. एरिन हंटर या सामूहिक टोपणनावाने २००३ पासून निघालेल्या 'वॉरियर्स' मालेतही मनुष्याला मांजरांनी दिलेले 'दोनपाये' हेच नाव आहे.

यावरून असे दिसते की, 'मी' म्हणणे हा मार्जारकथेच्या विकासातील एक आवश्यक टप्पा होता, अंतिम नव्हे. ज्याला आपले अस्तित्व दुसऱ्यास पटवावयाचे असते, त्यास प्रथमपुरुष हवा असतो. स्वतःच्या भाषेत जगाला नावे देण्याचा अधिकार मिळाल्यावर त्याची निकड उरत नाही. ही गोष्ट मांजरांपुरतीच खरी आहे असे मानण्याचे कारण नाही. ज्या मानवी समाजांची वर्णने दीर्घकाळ इतरांच्या भाषेत लिहिली गेली, त्यांच्या वाङ्मयाचा अभ्यास करतानाही 'येथे मी कोण म्हणतो' या प्रश्नाबरोबरच 'येथे नावे कोण ठेवतो' हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.